परसातल्या किड्यांचे मॅक्रो फोटो: कोकणच्या हवेत सुरुवात कशी करावी

आधी माप

मॅक्रो म्हणजे अगदी जवळून काढलेला फोटो. कॅमेरा कुठलाही असो, पहिला फोटो पट्टीचा काढा. मिलिमीटरच्या खुणांची साधी पट्टी टेबलावर ठेवा, झूम पूर्ण पुढे न्या, लेन्स जितक्या जवळून फोकस धरते तितक्या जवळ जा आणि पट्टी चौकटीच्या रुंदीत आडवी घ्या. नेहमीच्या एपीएस-सी कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे आतला प्रतिमा टिपणारा भाग, साधारण २३ मिमी रुंद असतो, फुल-फ्रेमचा ३६. एपीएस-सीवर पट्टीचे ६९ मिमी मावले तर ६९ भागिले २३, म्हणजे तुमची लेन्स १:३ देते: सेन्सरवरची प्रतिमा खऱ्या वस्तूच्या एक तृतीयांश. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ मिमीची लेन्स बहुतेक इथेच थांबते. बरोबर २३ मावले तर १:१, साडेअकराच मावले तर २:१.

हा आकडा कळला की काय टिपता येईल तेही कळतं. नीलवंत, आपलं राज्य फुलपाखरू, पंख पसरून १२ ते १५ सेंमी भरतं. त्याला १:३ सुद्धा जास्त होतं. आहे त्या लेन्सने काम भागतं. आंब्यावर पानं शिवून घरटी करणारा हुमला ८-१० मिमीचा. १:१ला तो अर्धी चौकटही भरत नाही, पण डोळे आणि जबडे स्वच्छ येतात. मोहोरावरचा तुडतुडा जेमतेम ४-५ मिमी, २:१ च्या खाली तो ठिपकाच राहतो. सुरुवातीचे दोन-तीन महिने १:१ च्या पुढे जाऊ नका. एपीएस-सीवर एफ/११ (लेन्सच्या छिद्राचं माप; आकडा मोठा तितकं छिद्र बारीक) ठेवूनही १:१ला जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा थर स्पष्ट येतो. २:१ला, एफ/८ वर, तो पाव मिलिमीटर उरतो. तेवढ्यात किडा धरायला हात आधी तयार व्हावा लागतो.

लेन्स: स्वस्तातून वर

घरात ५५-२५० किंवा ७०-३०० सारखी झूम पडून असेल तर सगळ्यात शहाणा खर्च म्हणजे पुढे चिमट्याने बसणारं रेनॉक्स कंपनीचं भिंग. डीसीआर-१५० किड्यापासून सुमारे २० सेंमीवरून काम करते, डीसीआर-२५० सुमारे १२ सेंमीवरून. मुख्य लेन्सचा फोकस अनंतावर ठेवला की हे अंतर ठरलेलंच राहतं. गणित सोपं आहे: २५० मिमीवर डीसीआर-१५० लावली की साधारण १.२:१, आणि डीसीआर-२५० लावली की २:१. नवख्याने १५०च घ्यावी. अंतर जास्त, किडा कमी बिचकतो आणि हुमले लेन्सवर चढायला वेळ लागतो. दोन्ही भिंगं लहान झूमवर लावली तर कोपरे काळे पडतात, तेव्हा १०० मिमीच्या पुढेच वापरा.

५० मिमीची एफ/१.८ लेन्स असेल तर मध्ये बसवायच्या पोकळ नळ्या, म्हणजे एक्स्टेन्शन ट्यूब. नळीची लांबी भागिले लेन्सची मिमी, एवढं मॅग्निफिकेशन, म्हणजे वरचं १:१-२:१ चं माप, मिळतं. ५० वर ५० मिमी नळ्या म्हणजे १:१. काचच नसल्याने प्रतिमेचा दर्जा घसरत नाही, पण लेन्सचं टोक किड्यापासून सहा-सात सेंटीमीटरवर येतं आणि त्याची सावली त्याच्यावरच पडते. घेताना विजेचे संपर्क असलेल्याच घ्या. बिनसंपर्काच्या स्वस्त नळ्यांवर छिद्र कॅमेऱ्यातून बदलता येत नाही, ते बहुतेक वेळा सताड उघडं राहतं, आणि मग स्पष्ट थर इतका पातळ होतो की मुंगीची एकच मिशी नीट येते.

लेन्स उलटी बसवायची रिंग काही शे रुपयांत मिळते. उन्हाळ्यात गंमत म्हणून ठीक, पण उलट्या लेन्सची मागची काच आणि संपर्क उघड्यावर येतात. कोकणातल्या जून ते सप्टेंबरच्या हवेत हा प्रयोग नको.

खरी मॅक्रो लेन्स घ्यायची वेळ आली तर ९० ते १०५ मिमी बघा. ६० मिमीच्या स्वस्त मॅक्रोपेक्षा तिला किड्यापासून चार-पाच सेंटीमीटर जास्त जागा मिळते, आणि डिफ्यूजरमधून, म्हणजे फ्लॅशचा उजेड मऊ करणाऱ्या पडद्यातून, येणारा उजेड आत शिरायला तेवढीच जागा लागते.

मोबाइलवाल्यांनी दोन-तीन सेंटीमीटरवरून चालणारं क्लिप-भिंग मुख्य कॅमेऱ्यावरच बसवावं. बऱ्याच फोनमधला 'मॅक्रो' म्हणून मिरवणारा २ मेगापिक्सेलचा कॅमेरा विसरून जा. जवळ गेल्यावर फोन आपणहून अल्ट्रावाइडवर उडी मारत असेल तर ती सोय सेटिंगमधून बंद करा. अळ्या, कोळी, झोपलेल्या माश्या, म्हणजे जे हलत नाही ते, फोनवर उत्तम निघतं.

फ्लॅश लेन्सच्या आधी घ्या

पैसे एकाच गोष्टीला असतील तर फ्लॅश घ्या. यावर वाद घालणारे भेटतील, पण गणित बघा. १:१ला एफ/११ ठेवलं की प्रत्यक्षात सेन्सरवर एफ/२२ इतकाच उजेड पोचतो. पावसाळी सकाळी माडाखाली एवढ्या उजेडात शटर १/१५ च्या आसपास येतं, आणि या अंतरावर हाताचा साधा कंपही दहापट दिसतो. आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) वाढवून किती वाढवणार?

फ्लॅशची खरी ताकद त्याच्या चमकण्याच्या काळात आहे. पूर्ण ताकदीला नळी सेकंदाच्या काहीशेव्या भागापर्यंत पेटलेली राहते. १/१६ किंवा १/३२ ताकदीला ती काही हजाराव्या भागात विझते. म्हणजे हालचाल शटर थांबवत नाही, फ्लॅश थांबवतो. गोडॉक्स टीटी६०० सारखा साधा मॅन्युअल फ्लॅश पुरतो. टीटीएलच्या, म्हणजे फ्लॅशची ताकद कॅमेऱ्याने आपणहून ठरवायच्या सोयीच्या, मागे लागू नका. काळ्या मुंगळ्यावर टीटीएल उजेड वाढवतं आणि पांढऱ्या पाकळीवर कमी करतं, त्यामुळे दर फोटो वेगळा येतो.

डिफ्यूजर घरी बनवा

उघडा फ्लॅश किड्यावर मारला की ढालकिड्याच्या पाठीवर पांढरा टिंब जळतो, बाकी अंग काळं पडतं. कीटकांचं कवच चकचकीत असतं. त्यात उजेडाच्या उगमाचंच प्रतिबिंब दिसतं. उगम मोठा आणि जवळ आणला की टिंब पसरून मऊ होतो. म्हणून डिफ्यूजर.

१. फ्लॅशच्या डोक्याची रुंदी आणि उंची मोजून घ्या.

२. बुटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून चौकोनी नळी करा. एक तोंड फ्लॅशवर घट्ट बसेल एवढं, दुसरं १६ × १२ सेंमी. लांबी १८ सेंमीच्या आसपास, पण ती तुमच्या लेन्सवर ठरवा: रुंद तोंड लेन्सच्या टोकाच्या बरोबर वर येऊन खाली-पुढे, किड्याकडे झुकलं पाहिजे.

३. आतून स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियम फॉइल चिकटवा, चमकती बाजू दिसेल अशी. सुरकुत्या पडल्या तर उत्तमच, उजेड विखुरतो.

४. रुंद तोंडावर पांढऱ्या पॅकिंग फोमचा एक मिलिमीटरचा थर ताणून लावा. नव्या टीव्ही-मिक्सरभोवती गुंडाळलेला येतो तोच.

५. त्याच्यापुढे ३-४ सेंमी मोकळी जागा सोडून दुधी प्लॅस्टिकच्या फाइलचा कापलेला तुकडा बाक देऊन लावा. खालची कड लेन्सच्या टोकाला टेकली पाहिजे. दोन थरांमधली ही पोकळी वगळू नका. थर एकमेकांना चिकटले तर एकाच थराचं काम होतं.

६. फ्लॅशचा झूम सगळ्यात रुंद, म्हणजे सगळ्यात लहान आकड्यावर ठेवा. बसवायला वेल्क्रो वापरा. चिकटपट्टी दमट हवेत दोन दिवसांत सुटते.

बटर पेपर किंवा ट्रेसिंग पेपरची शिफारस सगळीकडे वाचायला मिळते. दख्खनात ते चालतं. रत्नागिरीच्या जुलैत कागद दोन दिवसांत लोळतो आणि त्याच्या लाटा पिवळट डागांसकट कवचात दिसतात, म्हणून इथे प्लॅस्टिकच. पुठ्ठ्यालाही बाहेरून पारदर्शक टेप मारा. सगळं मिळून शंभर ग्रॅमच्या आत ठेवा, नाहीतर फ्लॅशचं डोकं मान टाकतं.

आता परीक्षा. स्टीलचा चमचा पालथा ठेवून त्याचा १:१च्या जवळून फोटो घ्या. चमच्यात दिसणारा पांढरा चौकोन कडेपर्यंत सारखा उजळ असेल तर झालं. मध्ये जास्त उजळ गोळा दिसला तर आतल्या फोमच्या मधोमध रुपयाच्या नाण्याएवढा फोमचा आणखी एक तुकडा चिकटवा आणि पुन्हा बघा. दोन-तीन खेपांत जमतं. हीच परीक्षा किड्यावर घ्यायला गेलात तर तो तोवर थांबत नाही.

कॅमेऱ्याची मांडणी

मोड मॅन्युअल. शटर १/२००, किंवा तुमच्या कॅमेऱ्याची सिंक गती (फ्लॅशसोबत चालणारी सगळ्यात वेगवान शटर गती) असेल ती. तिच्या वर गेलात तर फोटोत आडवा काळा पट्टा येतो. हाय-स्पीड सिंक लावून तो पट्टा घालवता येतो, पण मग फ्लॅश तुटक-तुटक पेटत राहतो आणि हालचाल थांबवण्याचा फायदाच जातो. मिररलेसवर शटर मेकॅनिकलवर आहे ना तेही बघा. इलेक्ट्रॉनिकवर बहुतेक कॅमेऱ्यांत फ्लॅश पेटतच नाही आणि नवखा माणूस तासभर सेल बदलत बसतो.

छिद्र १:१ला एफ/११, २:१ला एफ/८. अजून बारीक छिद्र करून जास्त भाग स्पष्ट करायचा मोह होईल. एफ/२२ वर तो स्पष्ट होत नाही, विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरल्यामुळे, सगळाच फोटो एकसारखा मऊ होतो. आयएसओ २००, फ्लॅश १/८ ताकदीवर, व्हाइट बॅलन्स फ्लॅशवर, फाइल रॉ. उजेड कमी-जास्त वाटला तर फक्त फ्लॅशची ताकद बदला, बाकी आकडे विसरून जा.

मग फ्लॅश बंद करून एक फोटो घ्या. तो जवळजवळ काळा आला पाहिजे. त्यात झाडं दिसत असतील तर बाहेरचा उजेड फोटोत शिरतोय, आणि हलत्या पानावर एकाच किड्याच्या दोन कडा उमटतील: एक फ्लॅशची तीक्ष्ण, एक उन्हाची पुसट. आयएसओ १०० वर आणा किंवा सावलीत या.

ऑटोफोकस बंद. चष्मा असेल तर व्ह्यूफाइंडरच्या (डोळा लावायच्या खिडकीच्या) बाजूची छोटी चकती फिरवून आतले आकडे स्वच्छ दिसतील अशी करून घ्या. डीएसएलआरवर ही चकती चुकीची असली की डोळ्याला फोकसमध्ये दिसणारा प्रत्येक फोटो फोकसबाहेर जातो, आणि दोष बिचाऱ्या लेन्सला लागतो.

हात, श्वास आणि खारा वारा

मॅग्निफिकेशन आधी ठरवायचं आणि मग रिंगला हात न लावता स्वतः पुढे-मागे झुलायचं. किड्याचा डोळा तीक्ष्ण झाला त्या क्षणी बटण. एकेका झुलण्यात चार-पाच फोटो घ्या. त्यातला एक लागतो, बाकीचे पुसायचेच असतात.

ट्रायपॉड परसात अडचणच करतो. त्याऐवजी डाव्या हाताच्या अंगठ्या-तर्जनीत देठ धरा आणि लेन्सचं टोक त्याच मुठीवर टेकवा. आता वाऱ्याने पान हललं तर लेन्सही सोबत हलते आणि अंतर तेच राहतं. ही एक पकड जमली की फोटो लागण्याचं प्रमाण दुपटीने वाढतं. देठ धरताना मात्र घाई नको. आधी झाडाच्या लांबच्या फांदीला हात लावा, हलकासा कंप जाऊ द्या, मग सरकत या. कोपरं गुडघ्यावर किंवा बरगड्यांना टेकवा. बटण दाबताना श्वास सोडून थांबा. मुंग्यांच्या अंगावर तर श्वास सोडूच नका, त्या तात्काळ बिथरतात.

किनाऱ्यावर वाऱ्याचं वेळापत्रक ठरलेलं असतं. जमीन तापली की दहा-साडेदहापासून समुद्राकडून वारा सुटतो आणि संध्याकाळपर्यंत राहतो. म्हणून उजाडल्यापासून नऊपर्यंतचा वेळ पहिला, सूर्यास्तानंतरचा दुसरा. मधल्या वेळेत काढायचंच असेल तर बांबूच्या काठीला कपडे वाळवायचा चिमटा बांधा, काठी जमिनीत रोवा आणि किड्यापासून एक वीत खाली देठ चिमट्यात धरा.

मागची पार्श्वभूमी काळीकुट्ट येते ही सगळ्यांची तक्रार. फ्लॅशचा उजेड अंतराच्या वर्गाने घटतो: किडा डिफ्यूजरपासून ८ सेंमीवर आणि मागचं झाड ८० वर असेल तर झाडाला शंभरावा हिस्सा मिळतो. किड्यामागे ५ ते १० सेंमीवर पान येईल असा कोन शोधा. नसेल तर गळालेलं बदामाचं किंवा फणसाचं पान दुसऱ्या कुणाला तरी मागे धरायला सांगा.

परसातली फेरी

किडे शोधत फिरू नका, झाडं वाचा. कुठला किडा कुठल्या झाडावर, हे एकदा डोक्यात बसलं की पाच गुंठ्यांचं परसही वर्षभर पुरतं.

कढीपत्ता आणि लिंबू यांच्यापासून सुरुवात करा. कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळी-पांढरी अळी दिसली तर ती लाइम किंवा कॉमन मॉर्मन फुलपाखराची लहान अळी. मोठी झाली की हिरवीगार होते, आणि इथेच नवखे फसतात. तिच्या छातीच्या फुगीर भागावर डोळ्यासारखे दोन ठिपके असतात. सगळे त्यांच्यावर फोकस करतात. ते खोटे. खरं डोकं त्या फुगवट्याच्या खाली, पुढे वाकलेलं, बाजरीच्या दाण्याहून थोडं मोठं असतं. बाजूने, पानाच्या पातळीवर लेन्स आणून घ्या, दोन्ही एका थरात बसतात. तिने मानेमागून लालसर-नारिंगी शिंगं बाहेर काढली आणि उग्र वास आला तर तुम्ही तिला त्रास दिलाय. दोन पावलं मागे या, ती शिंगं आत घेते.

अळवाच्या पानाखाली हॉकमॉथ या पतंगाच्या जाड, शेपटीवर काटा असलेल्या अळ्या असतात. खाल्लेली कड आणि खाली जमिनीवर मिरीएवढ्या काळ्या लेंड्या दिसल्या की वरचं पान हळूच उलटा.

रताळ्याच्या आणि गारवेलीच्या पानांना गोल भोकं असतील तर कासवभुंगे शोधा. कडेला पारदर्शक ढाल, मध्ये सोन्याचा पत्रा. हे सोनं फ्लॅशखाली हमखास पांढरं पडतं. ताकद १/३२ वर आणा, डिफ्यूजर आणखी जवळ न्या, किंवा फ्लॅश बंद करून सावलीत, दुसऱ्या बाजूला पांढरा कागद धरून, आयएसओ ८०० वर घ्या. भुंगा शांत बसणारा आहे, १/६० सुद्धा चालतं. मेल्यावर हा सोनेरी रंग उडतो, त्यामुळे मेलेल्या भुंग्याचा फोटो नंतर सावकाश काढू असं म्हणण्यात अर्थ नाही.

आंब्यावरचे हुमले. पूर्ण बाह्यांचा शर्ट, बाह्या बंद, खोडाला टेकायचं नाही, घरट्याच्या खाली उभं राहायचं नाही. ते चावतात आणि चावलेल्या जागी फॉर्मिक आम्ल सोडतात. घरट्यापासून लांब, फांदीवरच्या त्यांच्या वाटेवर गुळाच्या पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंबाभोवती जमलेले हुमले मिनिट-दोन मिनिटं स्थिर राहतात, तेवढ्यात काम उरका. आणि त्या वाटेच्या कडेला एखादा 'हुमला' बाकीच्यांना टाळून चालताना दिसला तर पाय मोजा. आठ निघाले तर तो हुमल्याचं सोंग घेणारा कोळी. पुढचे दोन पाय मिशांसारखे वर धरून चालतो. नराचे जबडे इतके लांब की एक हुमला दुसऱ्याला तोंडात धरून चाललाय असं वाटतं. कोळी कीटक नव्हे, हे खरं. पण मॅक्रो शिकायला उडी मारणाऱ्या कोळ्यांइतकं चांगलं कोणी नाही. ते पळण्याआधी वळून लेन्सकडे बघतात. पुढच्या दोन मोठ्या डोळ्यांवर फोकस लावा आणि कॅमेरा त्यांच्या उंचीवर, पानाच्या पातळीत, आणा. वरून काढलेला कोळी नुसता डाग दिसतो.

काजूला पावसानंतर नवी पालवी फुटते तेव्हा ढेकण्या येतो. बागायतदार त्याला शिव्या घालतात, पण तो बाजूने बघण्यासारखा आहे: पाठीच्या मधोमध टाचणीसारखा, डोक्याला गाठ असलेला काटा उभा. काटा आणि डोळा एका रेषेत आणायचे तर कॅमेरा अंगाला अगदी समांतर हवा. आंब्याच्या मोहोरावर तुडतुड्यांसाठी जाल तेव्हा लेन्सवर साधा संरक्षक फिल्टर चढवा. त्यांचा चिकट स्राव वरून सतत शिंतडत असतो. ज्या बागेत नुकती फवारणी झाली आहे तिथे आठवडाभर जाऊ नका, तुमच्यासाठीही आणि फोटोसाठीही.

संध्याकाळी, दिवेलागणीला, तुळशीच्या मागच्या सुक्या काड्या, गवताची टोकं आणि पडवळाच्या मांडवाचे लोंबते ताणे तपासा. निळ्या पट्ट्यांच्या मधमाश्या जबड्याने काडी चावून, पाय सोडून झोपतात. नर तर एकाच काडीवर ओळीने लटकतात. आज दिसल्या तर उद्याही त्याच काडीवर बघा. फोटो स्टॅकिंग (वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडून एक पूर्ण स्पष्ट फोटो करणं) शिकायला हा सगळ्यात चांगला नमुना: कॅमेरा काठीवर किंवा छोट्या ट्रायपॉडवर, फोकस डोळ्याच्या पुढून सुरू करून अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने मागे, १० ते १५ फोटो. ते पिकोले किंवा हेलिकॉन फोकस या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करा. पावलं स्पष्ट थरापेक्षा मोठी पडली तर अंगावर धूसर पट्टे उमटतात. मध्येच मिशी हलली तर दोन मिशा दिसतात. तो संच टाकून द्या, दुरुस्त करत बसू नका.

सातेरी आणि फुलोरी या मधमाश्या फुलावर असताना खुशाल जवळ जा. आग्याच्या पोळ्याजवळ फ्लॅश अजिबात नको.

रात्री पडवीत पांढरी चादर टांगून तिच्यासमोर दिवा लावला की पतंग येतात. एलईडीत अतिनील किरण फार कमी असतात, म्हणून जुनी ट्यूब किंवा सीएफएल जास्त किडे ओढते. दहाला दिवा बंद करा, नाहीतर पाली निवांत जेवतात. शेजाऱ्यांनाही आधीच सांगून ठेवा. अंधारात डोक्याला बॅटरी बांधून कुंपणाशी ओणवा झालेला माणूस कुणालाही चोरच वाटतो.

आणि गुडघे टेकण्याआधी जमीन बघा. चिऱ्यांच्या गडग्यात आणि पाचोळ्यात फुरसं असतं, जांभ्याच्या रंगात ते मिसळून जातं. गडग्यावर कोपर टेकवून फोटो घ्यायची जागा दिसायला छान असते; ती सोडा. पावसाळ्यात गमबूट, रात्री जोरदार बॅटरी. हिरव्या, काटेरी झुपक्यांची घोणस अळी पानाखाली असते, तिचे काटे लागले तर आग होते. चिकटपट्टी लावून ओढल्यावर काटे निघतात, मग जागा साबणाने धुवा. अंगावर पुरळ किंवा श्वासाला त्रास वाटला तर डॉक्टरकडे.

किडा फ्रिजमध्ये गार करून किंवा डिंकाने चिकटवून फोटो काढणारे आहेत. पाय अनैसर्गिक दुमडलेले दिसतात आणि जाणकार पहिल्या नजरेत ओळखतो. शिवाय परसातला किडा उद्याही तिथेच असतो, त्याला कोंडायचं कारणच नाही.

बुरशी

कोकणात लेन्स पडून फुटण्यापेक्षा बुरशीने जास्त जातात. पावसाळ्यात बाहेरची आर्द्रता ८५-९५ टक्के असते. साधारण ६५ च्या वर, अंधारात, न वापरता पडलेल्या लेन्सच्या आत बुरशीचे धागे पसरतात आणि काचेवरचा थर खातात. कातडी केस, कापडी बॅग, लोखंडी कपाट, यांतलं काहीही नको.

रबराची कड असलेला हवाबंद प्लॅस्टिकचा डबा घ्या. २० लिटरच्या डब्यात पाव किलो सिलिका जेल आणि एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा. आकडा ४० ते ५० मध्ये हवा. ३५ च्या खाली रबर आणि वंगणाला कोरडेपणा सोसत नाही. जेलचे दाणे रंग बदलले की तापवून पुन्हा कोरडे करा. निळे दाणे असतील तर त्यात कोबाल्ट असतं, स्वयंपाकाच्या कढईत अजिबात नाही. जुना पत्र्याचा ट्रे वेगळा ठेवा. जेलच्या जागी तांदूळ टाकणं बंद करा, तांदळाची पूड लेन्सच्या फटीत जाते आणि बुरशीला ती आवडते.

एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट अंगणात नेला की काचेवर वाफ धरते. बॅगेची चेन बंद ठेवून २० मिनिटं पडवीत ठेवा, मग उघडा. पुसत बसलात तर आत धरलेली वाफ तशीच राहते. समुद्र हाकेच्या अंतरावर असेल तर फेरीनंतर कॅमेऱ्याचं बाहेरचं अंग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने आणि लगेच कोरड्याने पुसा. काचेला हे फडकं लावू नका. मिठाचे कण आधी फुंकणीने उडवायचे, मग मायक्रोफायबर. परसात उभं राहून नळ्या बदलणंही टाळा. एफ/११ वर सेन्सरवरची प्रत्येक धूळ आकाशात ठिपका होऊन दिसते.

फोटो लागत नसतील तर

सगळ्या फोटोंत मिशा तीक्ष्ण आणि डोळे पुसट असतील तर दोष लेन्सच्या फोकसचा नाही, तुम्ही बटण दाबताना मागे सरकताय. टाचांवरून वजन चवड्यांवर आणा. फोटोचा खालचा भाग अंधारलेला असेल तर कॅमेऱ्याचा स्वतःचा उघडणारा फ्लॅश वापरताय आणि लांब लेन्सची सावली पडते आहे. लेन्सहूड काढायला विसरला असाल तरी हेच होतं. सगळं एकसारखं दुधी दिसत असेल तर आधी पुढची काच बघा, मग वाफ, मग छिद्राचा आकडा. एरवी ठीक येणारे फोटो अचानक काळे यायला लागले तर फ्लॅशचे सेल संपत आलेत किंवा तुम्ही तो भरायच्या आत बटण दाबताय. पूर्ण ताकदीला त्याला दोन-तीन सेकंद लागतात, १/८ ला जवळजवळ लगेच.

नाव शोधायचं असेल तर

सुंदर फोटोवरून नाव मिळेलच असं नाही. एकाच किड्याचे तीन फोटो घ्या: वरून सगळं अंग, बाजूने, आणि समोरून तोंड. सोबत कुठल्या झाडावर होता ते पान. चतुर आणि टाचण्यांच्या बाबतीत शेपटीच्या टोकाचा वेगळा फोटो लागतो, कारण नरांची ओळख बऱ्याचदा तिथल्या चिमट्यांच्या आकारावर ठरते. फुलपाखराचे पंख मिटलेले आणि उघडे, दोन्ही. आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर तारीख आणि गावासकट टाका. तुम्ही लावलेल्या गडद कडा आणि वाढवलेला रंग आधी काढून टाका. ओळखणाऱ्याला मूळ रंगच हवा असतो.